मुलामा

जळगाव. मे. सत्तेचाळीस अंश.
एसी खोकतोय, काचेच्या भांड्यात
मोहरीएवढी गोळी गरगरतेय,
तिच्यावर सोनं बसतंय, तासाला दोन मायक्रॉन.
घाई केली की अंग खरबरीत होतं,
हे पुस्तकाआधी आबांनी शिकवलेलं,
हिरामण विसपुते, मुलामेवाले, सराफ बाजार,
नथीच्या तारेला करंट जपून सोडणारे.

रविवारी आले. चष्मा कपाळावर,
भिंग डोळ्याला. बराच वेळ गप्प.
"यामा काय शे?"

ॲल्युमिनियम, आबा. तेही काढून टाकायचं,
केसाएवढ्या भोकातून, कॉस्टिकमध्ये विरघळवून.
उरेल नुसतं सोन्याचं टरफल.
त्यात जड हायड्रोजन भरतील, दूर कुठेतरी,
आणि चहूबाजूंनी लेसर.

"मंग?"

मग सेकंदाच्या अब्जाव्या हिश्श्यात
सूर्य पेटला तर पेटला.
गोळी मात्र राहणार नाही.

त्यांनी सदऱ्याच्या टोकाला भिंग पुसलं.
पन्नास वर्षं गिऱ्हाईक एकच विचारायचं:
किती दिवस टिकेल?

पुन्हा वाकले भांड्यावर.
"डावा अंगले जराशी पातय शे.
फिराव आखो."