अठरा किलो

नायलॉनचा दोरा त्या दिवशी संपला होता.
हे मी कुणाला बोललो नाही,
हर्षदा खामकरला तर नाहीच.

सिव्हिलमधली नर्स. नाइट उतरून
थेट राजपथावर माझ्या टपरीपुढं:
"मामा, हा पट्टा अठरा किलो पेलेल ना?"
म्हणालो, पोरी, शाळेच्या दप्तरांत हयात गेली माझी,
आताची दप्तरं काय हलकी असतात?
ती हसली.
मी दाभणात सुती दोरा ओवला, दुहेरी,
वरून बूटपॉलिश फिरवलं
पांढरा दिसू नये म्हणून.
साठ रुपये झाले.

कुठं निघालीस, तर म्हणाली किर्गिझस्तान.
मला आधी तो कसला तरी ताप वाटला.
मग तिनं मोबाइलवर नकाशा ताणून दाखवला:
डोंगर, डोंगर, मधे एक निळं तळं
आणि वाट म्हणून नुसती तुटक रेघ.
धावदोरा, मी म्हणालो.

मे महिनाभर ती अजिंक्यतारा चढत होती
सॅकमध्ये गहू भरून.
मंगळाईच्या पायरीवर टेकलेले पेन्शनर विचारायचे,
"बाई, गडावर गिरणी निघाली काय?"

ऑगस्ट सरताना परत आली.
नाकाची साल गेलेली, ओठ फुटलेले,
चालणं मात्र असं, की रस्ता तिच्याच नावावर.
टपरीच्या फळीवर बसून सांगत राहिली:
नमद्याचे गोल तंबू, घोडीचं आंबलेलं दूध,
("ताकाला राग आला तर जसं लागेल, तसं")
नदीवर तार, तारेला पाळणा,
आपणच बसायचं, आपणच दोर ओढायचा,
खाली पाणी कोयनेचे दरवाजे उघडल्यागत.
बरोबर एक पोलंडचा, दोघी कोरियाच्या,
बोली कुणाची कुणाला येत नव्हती,
बिस्किटांवर निभावलं.
मग खिंड. सगळी सुटी खडी,
पाऊल वर टाकलं की दीड पाऊल खाली.
"आणि तिथंच," म्हणाली, आणि चहा प्यायली.

मला दोरा आठवला.

पट्टा मुळातून निघाला होता.
ओझं एका खांद्याला लोंबलं, ती गुडघ्यावर आदळली,
वरून गारा.
कोरियाच्या पोरीकडं दातांत फिरवायचा दोरा निघाला,
हिच्याकडं सुई असतेच.
हातमोजे काढून, बोटं काखेत शेकत शेकत,
जखम शिवतात तसा तिनं पट्टा शिवला.

सॅक माझ्यापुढं ठेवली.
एकेक टाका सुटा, प्रत्येकाला त्याची त्याची गाठ.
एक तुटला तरी शेजारचा धरून राहणार.
चाळीस वर्षं शिवतोय मी.
माझं सगळं सलग,
एक टोक सुटलं की पार शेवटापर्यंत.

"दोरा सुती होता," मी म्हणालो.
"माहितीय. तुटल्यावर आतून पांढरा दिसला."
एवढंच. मग घड्याळ बघितलं.
"ड्युटी आहे. शनिवारी न्यायला येते, मामा."

मग आलीसच कशाला माझ्याकडं,
हे विचारायचं राहिलं.

तिचे टाके मी उसवले नाहीत.
शेजारून नायलॉन घातला,
आणि दर टाक्याला गाठ मारली,
शिकाऊ पोरासारखी, मोजून.

शनिवारी पहाटे घरातले गहू काट्यावर घातले,
अठरा किलो, वर दोन मुठी.
सॅक पाठीला लावली, गड धरला.
पहिल्या वळणावर दोनदा बसलो.
दुसऱ्यावर किती, ते सांगत नाही.
वर वारा होता.
खाली सातारा, अजून दिवे न मालवलेला,
पलीकडं यवतेश्वर, त्याच्या पलीकडं मला माहीत नाही काय.
किर्गिझस्तान कुठल्या अंगाला येतं,
विचारायला हवं होतं.
पट्टा कुरकुरला नाही.
गुडघे कुरकुरले.

उतरताना तसाच गिरणीत गेलो.
गिरणीवाल्यानं सॅक बघितली, मला बघितलं,
"एवढ्या सकाळी कुठनं?"

"बारीक दळ," मी म्हणालो.