कानोसा

मायनॉटच्या उत्तरेला, सूर्यफुलांची शेतं संपतात तिथे
माझं शेड. पत्र्यावर नाव आहे, हालवर टोस्टेरुड,
त्यातलं शेवटचं अक्षर वाऱ्याने नेलं, दोन हिवाळे झाले.

गिऱ्हाईक येतं आणि आधी आवाजाची नक्कल करतं.
दाढीवाले बाप्ये, गुरांचे ट्रक हाकणारे,
ओठांचा चंबू करून माझ्यापुढे कुईकुई करतात.
मी हसत नाही. चाळीस वर्षांत एकदाही हसलो नाही.
टकटक असेल तर विचारतो, थांबल्यावरही चालू असते का?
करकर असेल तर, वळणावर की सरळ रस्त्याला?
रेल्वेपुलाच्या उतारावर क्लच दाबा, गाडी सोडून द्या,
इंजिन गप्प बसलं तरी जे बोलत राहतं
ते मागच्या चाकाकडचं दुखणं.

आज मार्लीस व्होल्ड आली, इस्पितळातली रात्रपाळी संपवून,
मागे तिची नऊ वर्षांची बेरिट, हेल्मेटात नाकापर्यंत बुडालेली.
मार्लीस म्हणाली, पट्ट्यात चिमणी बसलीय.
दर फेरीला एकदा चिवचिवते.

गाडी स्टँडवर चढवली. चाक हाताने फिरवलं.
पुन्हा फिरवलं.
मार्लीस म्हणाली, हा बघा.
मी मान डोलावली.
मला काही ऐकू आलं नव्हतं.

बारीक आवाज कधी गेले ते नेमकं सांगता येत नाही.
आधी रातकिडे गेले. मला वाटलं, यंदा कमी असतील.
मग किटलीची शिट्टी. मला वाटलं, किटली बिघडली.
जाडेभरडे राहिलेत, मालगाडी, वारा, माझा खोकला.

डोळे आहेत अजून. पट्टा बघितला, दात्यामागे दाता,
तळाशी भेग नाही, कडेचे दोरे सुटलेले नाहीत,
मधोमध एक खळगा, खडी घुसून गेल्याची खूण,
आरपार नाही. दहा पौंडांनी दाबला तर अर्धा इंच झुकतो,
झुकावा तेवढाच.
कडेला मात्र कापणीची धूळ, पिठासारखी,
आणि पुलीची एकच बाजू घासून आरशासारखी.

बेरिटला म्हटलं, इकडे ये. हे बाटलीतलं पाणी
मी सांगेन तेव्हा पट्ट्यावर ओत, आणि सांग काय होतं ते.
तिने ओतलं. मी चाक फिरवलं.
थांबली, ती म्हणाली. चिमणी थांबली.
मग डोकं वाकडं करून, डोळे मिटून,
पण खाली अजून कुणीतरी आहे. म्हाताऱ्या कुत्र्यासारखं. घुरघुरतंय.

ते मला ऐकायची गरज नव्हती.
स्विंगआर्मवर तळवा टेकवला आणि ते मनगटात चढलं,
वाळू चावल्यासारखं. बेअरिंग.
मार्लीस आमच्या दोघांकडे बघत राहिली.
तिला कळलं असावं. नर्सला बरंच काही कळतं, बोलत नाहीत.

दुपारपर्यंत दोन्ही बेअरिंगं बदलली, अ‍ॅक्सल सरळ बसवला,
पुलीच्या दोन्ही बाजू मोजल्या, एकदा नाही, तीनदा.
बिलावर लिहिलं, पट्टा चालेल, पानगळीला परत दाखवा.
पाण्याचे पैसे लावले नाहीत. बेरिटने विचारलं म्हणून सांगतो.

निघताना तिला काम दिलं:
रस्ता वळतो तिथवर कान लावून बस.
चिमणी परत आली तर हात वर कर. मी इथेच उभा आहे.

गाडी गेली. माझ्यासाठी नुसतं जाडं पोट वाजत गेलं,
टपालपेटी, धान्याचं कोठार, मग वळण.
वळणावर हात वर झाला.
बराच वेळ वर राहिला, हलत होता.

पोरं निरोप देतानाही तसाच हात करतात.
मी ते सांगायला विसरलो होतो.

शटर अर्धं खाली ओढलं, आणि तसंच ठेवलं.