घोडीपुढे सराव

आयपेरीचे वडील कझानहून पैसे पाठवत नाहीत,
हे मी भर वर्गात बोलून गेले.
हशा पिकला. तिने दप्तर उचललं.

त्याला आज एकोणीस दिवस.

नारिनमध्ये उणे बावीस.
तबेल्यात मी आमच्या घोडीला माफी म्हणून दाखवते:
'अगं, गंमत केली मी.' घोडी गवत खाते.
'तूही मागे माझं...' शेपटी झटकते.
'तुला वाईट वाटलं असेल तर...'
हे माझ्याच घशात अडकतं.
असेल तर?

संध्याकाळी ती नदीवर बर्फ फोडत होती.
पाठ केलेल्या सगळ्याची वाफ झाली.
'मी सांगायला नको होतं,'
एवढंच आलं तोंडातून.

कुऱ्हाड थांबली नाही.
मग ती बोलली, बराच वेळ, माझ्याकडे न बघता.
आईबद्दल. उधारीच्या पिठाबद्दल.
आणि मी कशी हसले होते,
सगळ्यांच्या आधी.

'नाही गं' जिभेवर आलं होतं.
गिळलं.

चढणीवर बादलीची कडी
तिने अर्धी मोकळी सोडली.
मी धरली.
पाणी हिंदकळून दोघींच्या बुटांवर गोठलं.

'हळू चाल ना,' ती म्हणाली,
अजून रागातच.