एकशे बासष्ट पायऱ्या

परीक्षेत मला ब्याण्णव गुण होते.
रबरी पुतळ्याच्या छातीवर
न चुकता, मोजून मारलेले दाब,
आणि पुतळ्याने कधी तक्रार केली नाही.

आज पहिली रात्रपाळी.
बूट नवे, चावणारे.
खिशात कात्री, विजेरी, तीन पेनं.
एलेउतेरियो एकोणीस वर्षं ही गाडी चालवतो,
हातात पाव नसलेला मी त्याला अजून पाहिलेला नाही.
"मिळेल तेव्हा खा," म्हणाला, "मिळेल तिथे मुतून घे.
बाकीचं पुस्तकात असेलच."

वाल्पाराइसोचे रस्ते टेकडीच्या पायथ्याशीच दम टाकतात.
पुढे पायऱ्या.
लोक घराचा नंबर सांगत नाहीत,
म्हणतात, निळ्या पत्र्यापर्यंत या,
मग कुत्रं भुंकेल तिथे वळा.

पावणेतीनला फोन. छातीत दुखतंय, वय अठ्ठ्याहत्तर.
ऑक्सिजन पाठीवर घेऊन मी धावत सुटले.
साठाव्या पायरीला माझीच छाती अशी धडधडली
की आधी कुणाला तपासावं कळेना.
घडीची खुर्ची खांद्यावर घेऊन
एलेउतेरियो सावकाश आला,
आणि माझ्या आधी पोचला.

डोन्या एदेल्मिराने आधी आम्हाला बसायला सांगितलं,
मग नवरा दाखवला.
डॉन बाउदिलियो. पलंगाच्या कडेला, राखेच्या रंगाचा,
शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली,
पाहुणे येणार म्हणून.

माझ्या हातांना सगळं येत होतं,
तोंडाला येईना.
पाठ केलं होतं: मी यास्ना, तुम्हाला मदत करायला आलेय.
बाहेर पडलं: "मी यास्ना, मला मदत करा."
म्हातारा बोळक्या तोंडाने हसला.
"करतो की."

चाळीस वर्षं त्याने टेकडीची लिफ्ट चालवलेली,
तारेवर चढणारा-उतरणारा लाकडी डबा.
तो बंद पडला, तेव्हापासून ह्या पायऱ्या.
खुर्चीला बांधलेला, तोंडावर मास्क,
तो बोटाने आम्हाला उतरवत राहिला.
बोट वर: थांबा, पुढची फुटलीय.
बोट डावीकडे: भिंत धरा, शेवाळ आहे.
खाली काळा समुद्र, जहाजांचे दिवे,
आणि माझ्या मांड्यांची थरथर
खुर्चीतून त्याच्यापर्यंत पोचली असणार,
कारण एकदा त्याने माझ्या हातमोज्यावर थोपटलं,
अधांतरी घाबरलेल्या उतारूला थोपटावं तसं.

एकशे बासष्ट.
मोजल्या त्याने, मी नाही.

रुग्णालयाचं स्प्रिंगचं दार
त्याच्यामागे दोनदा हललं आणि थांबलं.
पुस्तकात इथे धडा संपतो.

सकाळी सात. गाडी धुऊन झाली.
सही करायला पेन शोधते, एकही नाही.
हाताला लागतो कागदी रुमाल,
आत वरची कवळी.
निघताना एदेल्मिराने खिशात कोंबलेली,
"बरं वाटलं की पहिली हीच मागेल."

एलेउतेरियो पाव चावायचा थांबला.
"आपलं काम त्या दारापाशी संपतं," म्हणाला,
आणि किल्ली पुन्हा फिरवली.

खिडकीतली बाई विचारते, आडनाव?
माहीत नाही.
मला माहीत आहे दिव्यानंतरची कितवी पायरी हलते,
त्याच्या हाताला किती वजन होतं,
नाडी कुठे अडखळत होती.
"बाउदिलियो," मी म्हणते. "लिफ्टवाला.
खायला द्यायच्या आधी त्याला हे द्या."

ती पडद्याकडे बघते. बराच वेळ बघते.
"थांबा हं," म्हणते.

मी थांबते.
बूट अजून चावतायत.