फक्की

पुतण्यानं तिकीट काढलं सीताबर्डीच्या टॉकीजचं.
"काका, कबड्डीचं पिक्चर आहे. तुमच्यासाठीच बनवलं समजा."
बाहेर पंचेचाळीस. आत एसी एवढा
की उन्हासाठी आणलेला दुपट्टा
मी थंडीसाठी कानाला बांधला.

मध्यंतरापर्यंत बरं होतं.
वीटभट्टीवरची पोर, फाटका बूट, कडक मास्तर.
असे मास्तर मी पाहिले आहेत, स्वतः होतो काही वर्षं,
एवढे सुंदर बोलत नव्हतो.

मग ती शेवटची चढाई.
चौघी तिच्या कमरेवर, घोट्यावर,
ती सरपटते आहे मध्यरेषेकडे
आणि तिचा दम
कबड्डी कबड्डी कबड्डी
डाव्या भिंतीतून, उजव्या भिंतीतून,
माझ्या खुर्चीखालूनसुद्धा.
एक श्वास, आख्ख्या टॉकीजला पुरेल एवढा.
आणि पडद्यावरचा पंच, पोट सुटलेला,
हात वर करतो. बाद.

"विकल्या गेला बे!"
"कान साफ कर ना, भैताडा!"
पुतण्याही उभा राहून ओरडला.
मागून कुणी पॉपकॉर्न फेकले,
ते माझ्या डोक्यावर पडले.
बरोबर पडले.

विकलो गेलो नव्हतो, हे आधी सांगतो.
भत्ता पस्तीस रुपये, आणि एक नारळ
दोन पंचांत मिळून.

चिटणीस पार्क, ब्याण्णवचा जानेवारी.
मैदानाच्या कडेला संत्र्यांची सालं,
मध्यंतरात पोरींनी चोखून टाकलेली.
कुंदा खडतकर, चढाई करणारी,
काटकुळी, कोपराला हळद लावलेली.
सात जणींत ती एकटी उरली होती.
तिला धरलं, पाडलं, तीही सरपटली
आणि बोटं रेषेला लागली. मी पाहिलं.
पण दम?
हजारभर माणसं बोंबलत होती,
कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजत होती,
आणि माझं लक्ष,
आता कुणापासून लपवू,
साडेसहाच्या उमरेडच्या बसकडे होतं.
मला दम ऐकू आला नाही.
सुटला, असंही ऐकू आलं नाही.
शिट्टी तोंडात होती. वाजली.

ती भांडली नाही.
उठली, माझ्यासमोर आली
आणि मधलं बोट दाखवलं, शिवीसारखं नाही,
डॉक्टरला दाखवतात तसं.
नखात फक्की होती. पांढरी.
मी म्हणालो, "दम सुटला होता."

रेल्वेची भरती त्या वर्षी
जिंकलेल्या संघातून झाली.

पिक्चरमधली पोर परत येते. येणारच.
तीन गाणी, एक पाऊस, एक मोडलेला हात,
आणि तोच पंच तिला विजयी ठरवतो,
मान खाली घालून.
टॉकीज शिट्ट्यांनी फुटतं.
एवढ्या शिट्ट्या, आणि एकही माझी नाही.

मला मिळाली होती तशी संधी, म्हणजे जवळपास.
दहा-बारा वर्षांनी, अजनी स्टेशनच्या पुलावर,
बाई डबा घेऊन चढत होती, थांबली.
"सर, ओळखलं का?"
डबा खाली ठेवला तिनं. बोटं मोकळी केली.
आणि मी म्हणालो, "नाही बा. कोण आपण?"
"काही नाही सर," ती म्हणाली,
"तुमच्यासारखेच वाटले एक जण."
पहिल्या निर्णयाला गर्दी होती, बस होती.
याला काहीच नव्हतं.
पुलावर इतकं शांत होतं
की तिचा दम मला स्पष्ट ऐकू येत होता.

दिवे लागले. लोक उठले.
पडद्यावर नावं सरकत होती,
जेवण पुरवणारे, दिवे धरणारे, गाड्यांचे ड्रायव्हर.
मी पंचाचं नाव शोधत बसलो.
झाडूवाला माझ्या पायांपाशी आला,
पाय वर घेतले.
"काका, रडून राहिले का?" पुतण्या म्हणाला,
"पिक्चर आहे न."
"थांब जरा," मी म्हणालो,
"अजून संपलं नाही."