माप

एकतीस वर्षं ह्या बेसिनवर तोंड धुतलं आम्ही.
अवोकाडोचा रंग. आधीच्या मालकिणीची हौस,
लाँग्टनच्या ह्या ओळीत तेव्हा म्हणे तीच फॅशन होती.
मला तो पिकायला विसरलेल्या पेरूसारखा वाटायचा.

दोन नळ. डावा पोळणारा, उजवा बधिर करणारा,
अबोला धरलेल्या जावांसारखे,
आणि मध्ये माझे तळहात, इकडचा निरोप तिकडे पोचवणारे.
कोमट पाणी ह्या घरात नळाला कधी आलंच नाही.
ते मी ओंजळीत केलं.

शोरूममध्ये शर्वरी म्हणाली, आई, हे बघ,
आणि फळीवर ठेवलेलं एक वाडगं दाखवलं.
छान होतं. शिकरण करावी त्यात.
म्हटलं, तुझे बाबा चूळ भरतात तेव्हा
शेजारचा कुत्रा भुंकतो.
ह्यातून ते पाणी सरळ आरशावर जाईल,
आणि वाडग्याच्या बुडाशी, जिथे फडकं पोचत नाही,
तिथलं पुसायला तू लीड्सहून येणार आहेस का?

खांबावरचं? भारदस्त. नळ्या सगळ्या झाकलेल्या.
कपाटावरचं? औषधं, ब्रश, वस्तरे, सगळा पसारा पोटात.
कोपऱ्यातलं तर एवढंसं
की एका हाताने धुवून घ्यावं, दुसऱ्याने रांगेत थांबावं.
मी प्रत्येकापुढे वाकून हवेतच हात धुतले.
विकणारा पोरगा अदबीने दुसरीकडे बघत राहिला.

मग तिथलंच एक स्टूल ओढलं
आणि बसले.
खांब गुडघ्यांना लागला.
कपाट त्याच्याही आधी.

ह्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही.
डिसेंबरपासून अरविंद दाढी बसून करतात, एवढंच.
आधी म्हणाले सायटिका, मग म्हणाले थंडी.
मी प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं, कपडे ठेवायला म्हणून,
आणि त्यावर कपडे कोणी कधी ठेवले नाहीत.

रविवारी ते खुर्चीत शब्दकोडं सोडवत होते.
मी टेप घेऊन पायाशी बसले. जमिनीपासून गुडघा, गुडघ्यापासून कोपर.
"शिंप्याकडे देतेस, की शवपेटीवाल्याकडे?"
कोड्यातून मान न काढता विचारलं.
"हलू नका," म्हटलं. "त्रेपन्न."

भिंतीवरचं घेतलं. पांढरं, पाय नसलेलं, खाली नुसती हवा.
क्लाइव्ह बॉस्टॉक आला, मला 'डक' म्हणाला,
इथे सगळेच म्हणतात, समोर बाई आहे की बदक हे न बघता.
कलिंगड पारखावं तशी भिंत ठोकत गेला.
"पोकळ आहे. आत लाकूड घालावं लागेल.
पाय नसले की भार भिंतीवर येतो."
एवढं बोलून चहात तीन चमचे साखर मागितली.

जुनं निघालं. त्याने ते उलटं केलं,
ह्या गावची माणसं हॉटेलातसुद्धा बशी उलटी करून
शिक्का वाचतात, कुठल्या भट्टीतली ते बघतात, तसं.
शिक्क्याच्या बाजूला, झिलईखाली, कुणाचा तरी अंगठा उमटला होता.
"मावशी असेल माझी," क्लाइव्ह म्हणाला. "तिला कायम घाई."
ते आता परसात आहे. त्यात पुदिना लावीन म्हणते.

उंची बहात्तर. एवढं खाली? त्याने दोनदा विचारलं.
मी दोनदा हो म्हटलं.

नळ एकच. दांडी मधोमध ठेवली की कोमट, आपोआप.
आज सकाळी तोंड धुतलं आणि पाठ कुरकुरली,
बहात्तर ही माझी उंची नाही.
हात अजून डावीकडून उजवीकडे जातात,
द्यायला काही निरोप नसताना.

चहा टाकायला खाली आले.
वर स्टूल सरकल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही.
मग शेजारचा कुत्रा भुंकला.