ळ ला दोन्ही हात

निपाणीत जुन्या मोटार स्टँडमागं
तंबाखूच्या वखारीवर एक माडी,
माडीवर शालन मुतगेकर बाईंचा टायपिंगचा क्लास.
जिना चढताना शिंका, वर पोचलं की खटखट.
पाटी होती, दोन्ही लिप्यांत.
एका साली कुणी तरी अर्धीवर डांबर मारलं,
पुढच्या साली उरलेल्या अर्धीवर, दुसऱ्या कुणी.
बाईंनी काही पुसलं नाही.
"पत्ता समद्यास्नी ठाऊक हाय की," म्हणाल्या
आणि पावतीपुस्तकावर छापून घेतलं:
काळ्या पाटीचा क्लास.

मी गेले तेव्हा माझ्या बोटांना
हजार विड्यांचा हिशेब पाठ होता.
पान, चिमूट, वळण, दोरा.
आईच्या सुपाला लागून माझं सूप.
बाईंनी माझे हात उलटेपालटे केले,
चक्क हुंगले.
"वेग हाय. फीचं मागनं बघू."

एक्क्याण्णवला संगणक आला,
पुण्याहून, रात्रीच्या बसनं,
वाकळेत गुंडाळलेला, त्याचं वेगळं तिकीट काढून.
बाई रात्रभर त्याला धरून बसलेल्या,
घाटात आजारी माणसाला धरावं तसं.
बघायला लोक आले, चपला काढून.
कुणी नारळ ठेवला.
तो आम्ही पोरींनी फोडून खाल्ला.

अठरा वर्षं शिकवलेलं सगळं आता उलटं.
बाईंनी घरी पोळपाटावर खडूनं कळा आखल्या,
भाकरी थापायच्या आधी अर्धा तास सराव.
स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या.
क मधल्या बोटाखाली.
ळ ला मात्र दोन्ही हात,
डावी करंगळी दाबून धरायची, उजवी तर्जनी खाली.
"कानडीचा ळ बी हितंच," निलव्वा हिरेमठ म्हणाली.
ती कानडीच्या बॅचला शिकवायची.
"हिंदीवाल्यास्नी लागत न्हाई," बाई म्हणाल्या,
"आपल्या दोघींचाच हाय म्हणायचा."

आणि एक कळ अशी होती,
की दाबली की पडद्यावरची मराठी
उभ्या उभ्या कानडी व्हायची.
बाईंनी पहिलं लिहिलं स्वतःचं नाव. कळ दाबली.
निलव्वानं वाचलं आणि पोट धरून हसली.
"शालना! बाई, तुमची शालना झाली!"

मराठी शेवटचा अ गिळते, कानडी गिळत नाही,
हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं.
मग दोघी बसल्या, रात्री अकरापर्यंत,
कितीक रात्री,
कुठल्या शब्दाच्या शेवटी पाय मोडायचा,
कुठल्याच्या नाही.
दोनशे पानी वही भरली.
निलव्वाचा नवरा खाली वखारीच्या दारात
सायकल धरून उभा.

वहीची नक्कल कंपनीला, रजिस्टर पोस्टानं.
दीड महिन्यानं उत्तर:
श्री. एस. मुतगेकर यांस,
आपली सूचना उपयुक्त वाटली. आभार.
बाईंनी 'श्री.' भोवती लाल पेनानं गोल काढला,
जशा आमच्या चुकांभोवती काढायच्या,
आणि कागद फाईलला लावला.
पुढच्या माहितीपुस्तकात सुधारणा होती.
नाव कुणाचंच नव्हतं.

त्या गेल्या तेव्हा शोकसभेचा कागद मीच टाईप केला,
त्याच माडीवर, त्याच हिरव्या पडद्यावर.
निलव्वा मागं उभी, चष्मा पुसत.
मराठी झालं. छापून घेतलं.
कानडीसाठी कळेवर बोट नेलं,
तशी ती म्हणाली, "थांब."

मी वर गेले, नावापाशी,
न चा पाय मोडला,
मग कळ दाबली.